कात्रण

अडावदच्या स्टँडसमोर माझं दुकान, आठ बाय सहा.
नंबर प्लेट, रेडियम, सीट कव्हर.
लोक टाकीवर आग मागतात, मडगार्डवर वाघाचा डोळा,
काचेवर 'भाऊ', 'दादा', 'आमचे भाऊ',
लांबून वाचता यावं असं.
साधी लाल पट्टी कोणी मागत नाही.
नावं कापून उरलेलं लाल मी गोणीत कोंबतो.

वैशाखात इथे डांबर चपलेला धरून ठेवतं,
म्हणून सगळा कारभार रात्रीचा.
केळीला पाणी रात्री, कारण लाईट रात्री.
घडांचे ट्रक रात्री सुटतात.
सातपुड्यातून मजुरीला उतरलेली माणसं
रात्रीच परततात, कडेकडेने.
कडेकडेने, असं म्हणायचं.
साइडपट्टी दोन पावसाळ्यांपूर्वी खचली,
आता तिथे वीतभर खोल पायरी आणि बाभूळ.

धानोऱ्याच्या वळणावर समोरून ट्रक,
त्याचे दिवे थेट माझ्या कपाळात.
मी दोनदा डिपर दिला. त्याने दिला नाही.
मग मीही माझा वर केला. तू तर तू.
एकमेकांना आंधळं करत
दोघे साठच्या वेगाने जवळ येत होतो.
मध्ये कोणी पायी असेल,
हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

हँडलला काहीतरी लागलं, लाकडासारखं.
फावड्याचा दांडा होता.
आणि दांडा धरलेलं मनगट.

चोपड्याच्या दवाखान्यात, प्लास्टर ओलं असतानाच,
सगळे बोलायला लागले.
पंचरवाला नजीर तडवी म्हणाला, ट्रकवाल्याला धरा.
हवालदार म्हणाले, पायी माणसाने
समोरची गाडी दिसेल अशा कडेने चालावं.
तो त्याच कडेने चालत होता.
त्याचा भाऊ सायकलवर धापा टाकत आला, काही बोलला नाही.
सायकलला मागे दिवा नव्हता, पुढे ब्रेक नव्हता.
मी म्हणत राहिलो, मला दिसलंच नाही, दिसलंच नाही,
इतक्यांदा, की मलाच ते खोटं वाटायला लागलं.

मग गुलसिंग बारेला पहिल्यांदा बोलला,
तक्रार नव्हे, नुसतं आठवल्यासारखं:
'मले तू दिसत व्हता ना, भाऊ.
लांबून दिसत व्हता.
मले वाटलं, तुलेबी मी दिसत असन.'

हे वाक्य मी दुकानात घेऊन आलो.
ते कुठल्याच फाँटमध्ये बसत नाही.

बारा वर्षं रेडियम विकतोय.
शटर ओढून रोल उघडला, तर काळा.
त्याला स्वतःचा उजेड नसतो.
दुसऱ्या कोणी टॉर्च धरावा, तेव्हा
घेतलेलं तेवढंच परत देतं,
धरणाऱ्याच्याच डोळ्यांत.

गोणी उलटी केली.
कुमुद कोळी म्हणाली, काका, तिरकी लावा, बरी दिसते.
गाडीवाले यादवबाबा म्हणाले, बैलाला दिसतं रे, मला कशाला?
पण जू पुढे केलं नाही, मागची फळी केली.
मजुरांच्या गमबुटांना टाचेवर एकेक तुकडा.
आणि चहाला थांबलेल्या ड्रायव्हरला मी विचारलं,
डिपर द्यायला काय जातं?
तो म्हणाला, अंगठाच हलवायचा असतो.
सतरा तास स्टेअरिंग धरलं, की अंगठा आधी झोपतो.
त्याला मी दुसरा चहा सांगितला.
आणखी काय सांगणार?

काल रात्री पुन्हा तेच वळण, समोर तसेच दिवे.
या वेळी मी आधी माझा उजेड खाली पाडला,
त्याने पाडला की नाही, ते बघत बसलो नाही.
कारण खाली, रस्त्याच्या अगदी काठाला,
टाचेच्या उंचीवर
एक लाल ठिपका. वर, खाली. वर, खाली.
आधी वाटलं, कोणाची विडी पडलीय.
जवळ गेल्यावर कात्री ओळखली, माझीच,
'भाऊ'मधल्या भच्या पोटातून निघालेला तुकडा.
मी ब्रेकवर पाय ठेवला
आणि त्याच्या चालीने
थोडा वेळ मागे राहिलो.